दादा, तुझ्या प्लेटा चांगल्या होत्या

दादा,

तुला शेवटची आंघोळ घातली तेव्हा वहिनीने तुझे हात तीनदा साबणाने धुतले. नखांच्या कडेची काळी रेघ काही निघाली नाही. ती चौथ्यांदा साबण लावायला लागली तेव्हा मावशी म्हणाली, "राहू दे व बाई. ते त्याचं गोंदन हाये." वहिनीने साबण खाली ठेवला. मी पाण्याची बादली घेऊन उभी होते. मला वाटलं, बरं झालं. बिनरेघेचे हात तुझे वाटलेच नसते.

मग मी बादली भरायला बाहेर आले. निंबाखाली दोन माणसं बसली होती. तुझी गिऱ्हाईकंच असतील, मी ओळखत नाही.

"हात लय चांगला होता गा मिस्तरीचा."

"हात चांगलाच होता. पण शेवटी शेवटी डुप्लिकेट माल टाके म्हणतात."

"कोन म्हनते?"

"त्याचा जवाईच सांगे, बहिनीचा नवरा. बाहेरच्यानं सांगतलं असतं तं गोष्ट वेगळी."

मी त्यांच्यापासून चार पावलांवर होते. खरं काय ते त्या अंगणात जमलेल्या माणसांत फक्त मलाच माहीत आहे, असं तेव्हा वाटत होतं. मी बादली भरली आणि आत गेले.

तुझ्या मैतीच्या दिवशीही मी बोलले नाही, दादा. म्हणून हे लिहायला बसले. चौथीनंतर एवढं लिहायचं काम कधी पडलं नाही. माझं अक्षर तुला माहीत आहे, कोंबडी चालल्यासारखं. पण तू वाचलं असतंस.

पाचवीची शाळा दुसऱ्या गावात होती आणि मी एकटी जायला तयार नव्हते. आई म्हणाली, मग दादाजवळ बस. मी तुझ्या टिनाच्या शेडात येऊन बसले आणि लग्नापर्यंत तिथंच बसले. रॉकेलमध्ये नटबोल्ट धुवायचे, पाने मापाप्रमाणे लावून ठेवायचे. गिऱ्हाईक आलं की मी टायरांच्या मागे जायची. तू हसायचास. "हे पाहा, माहा असिस्टंट लपला." रस्त्यावरून ट्रक गेला की सगळ्यावर धूळ बसायची आणि तू पहिल्यांदा ऑइलचा डबा झाकायचास, मग स्वतःचं तोंड पुसायचास.

ऑइल तू मला साबणाने शिकवलंस. आठवते? माझ्या हाताला साबण लावला, तुझ्या हाताला लावला आणि म्हणालास, "धर." मी धरलं, तू ओढलं, हात सटकन निसटला. मग दोघांचे हात धुतलेस, पुसलेस. "आता धर." या वेळी तू ओढलं तशी मी स्टुलावरून उठून तुझ्यामागे आले.

"हा क्लच," तू म्हणालास. "प्लेटा एकमेकीले धरतात तवा गाडी पुढं जाते. इंजिनातलं बाकी सगळं घसरलं पायजे, पण प्लेटा घसरल्या नाही पायजे. अन् मोटरसायकलीत इंजिन अन् प्लेटा दोन्ही एकाच ऑइलात बुडून राह्यतात. म्हणून तिचं ऑइल वेगळं. चिकनं, घसरतं, पण हद्दीत."

"अन् स्कूटरीचं?"

"बिनगेरच्या स्कूटरीचा क्लच बाहेर कोरडा बसते. तिले कितीबी चिकनं चालते."

मग पेचकसाच्या टोकाने मातीत इंग्रजी अक्षरांच्या दोन जोड्या काढल्यास. म्हणालास, डब्याच्या मागे लहानशा चौकोनात पाहायचं. दुसरं अक्षर झोपडीसारखं असलं तर ते मोटरसायकलीचं. दुसऱ्या अक्षराला दोन पोटं असली तर स्कूटरचं. इंग्रजी मला तेवढंच येतं, आजही. आकडे तर येतच होते. आता आमच्या घरच्या गाडीला वीस-चाळीस जाडीचं लागते, कारण गाडी जुनी, वर यांच्या विकायच्या भांड्यांचं ओझं आणि इकडचं ऊन.

तू म्हणायचास, दुकानदार महाग दाखवन, चकचकीत डबा दाखवन, त्याचं ऐकू नको. गाडीच्या पुस्तकात लिहिलं तेच टाक.

"वाचता नाही आलं तं?"

"तं विचार."

"मले नाही विचारता येत."

"काहून? तोंड नाही काय तुले?"

हे भांडण आपलं वीस वर्षं चाललं, दादा. संपलं नाही. तू शेवटपर्यंत म्हणत राहिलास की विचारण्यात काय जाते. आणि मी आजही म्हणते की सात माणसं बसलेल्या दुकानात बाईमाणसाला काय जाते ते तुला कळलंच नाही. तेवढ्यापुरती मी बरोबर होते. बाकी सगळ्यात चुकले.

दीड वर्ष झालं. ऊन लागायला सुरुवात झाली होती. वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि तू तिला घेऊन यवतमाळला गेला होतास. इकडे गाडीचं ऑइल बदलायची वेळ आली. यांची गावोगाव भांडी विकायची फेरी रोज, गाडी उभी ठेवता येत नव्हती. तू फोनवर म्हणालास, "रत्ने, तूच टाक न. तुले सगळं येते." यांनी फोन ऐकला आणि हसले. "चला, पाहू आता मिस्तरीणबाईची कामगिरी!" पण ते हसणं टोचणारं नव्हतं. लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि मला भाकरीशिवाय काही येते हे त्यांनी पहिल्यांदा बोलून दाखवलं होतं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

तुझं नेहमीचं दुकान त्या दिवशी बंद होतं. मी दुसऱ्या दुकानात गेले. तिथं माणसं बसली होती. मी म्हटलं, मोटरसायकलीचं ऑइल द्या, वीस-चाळीस. दुकानदाराला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हटलं. स्टुलावरचा एक जण म्हणाला, "बाई, जरा मोठ्यानं बोला. इथं वाघ नाही बसला. वाघ तिकडं पांढरकवड्याच्या जंगलात हाये." सगळे हसले. दुकानदारही हसला आणि हसत हसतच एक डबा समोर ठेवून दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला.

मी डबा फिरवून मागची बाजू पाहिली. दुसऱ्या अक्षराला दोन पोटं होती.

मला कळलं नाही असं नाही, दादा. हे तुला सांगायचं होतं आणि हेच सांगवत नव्हतं. मला तिथंच कळलं. "हे नाही, बदलून द्या." एवढं म्हणायचं होतं. तो स्टुलावरचा माणूस माझ्याकडेच पाहत होता. मी डबा पिशवीत टाकला आणि बाहेर आले. रस्त्याने स्वतःलाच म्हणत होते, ऑइल ते ऑइलच, एका अक्षराने काय होते.

घरी येऊन सगळं तू शिकवलं तसं केलं. इंजिन थोडं गरम केलं, खालचा बोल्ट सोडला, काळं ऑइल घमेल्यात सांडू दिलं, नवा वायसर लावला, नवं ऑइल ओतलं, पुसून काढलं. यांनी किक मारली, कान देऊन ऐकलं आणि शेजारच्या काकाला हाक मारली, "काका, या, ऐका! बायकोनं केलं हे." मी पदराने हात पुसत उभी होते. तेव्हा तरी सांगायचं होतं. पण कौतुक चालू होतं आणि ते मला थांबवावंसं वाटलं नाही.

आठ दिवसांनी नाल्यापुढच्या चढावर गाडीने दगा दिला. इंजिन ओरडते आणि गाडी पुढं जात नाही. दोन्ही बाजूंनी भांडी, मागे प्लास्टिकचे टब. भर उन्हात यांनी ती ढकलत वर नेली. क्लचप्लेटा तू दोनच महिन्यांपूर्वी टाकल्या होत्या. यांनी घरीसुद्धा न येता गाडी तशीच तुझ्याकडे आणली. तूही आदल्याच दिवशी यवतमाळहून परत आला होतास.

तिथं काय झालं ते मला यांच्याच तोंडून कळलं.

"सख्ख्या बहिनीच्या घरी डुप्लिकेट प्लेटा टाकता? मंग लोकाइले काय टाकत असान?"

तू विचारलंस, "जवाईबापू, ऑइल कोनतं टाकलं?"

"तुमच्याच बहिनीनं आनलं. तुमी सांगतलं तेच. आता तिच्यावर ढकलता काय?"

यानंतर तू एक शब्द बोलला नाहीस, असं हे म्हणाले. तुझ्या गप्प बसण्याला हे चोरी पकडली गेली असं समजले. तू ऑइल काढलंस, बोटावर घेऊन चोळलंस, वास घेतलास. जवळच्या नव्या प्लेटा टाकल्यास, बरोबरचं ऑइल भरलंस आणि गाडी देऊन टाकलीस. गाडी पहिल्यासारखी पळायला लागली.

आणि तोच पुरावा झाला. "पाह्यलं? नव्या प्लेटा टाकल्याबरोबर चालली! म्हनजे पहिल्या डुप्लिकेटच होत्या न!"

मी पीठ मळत होते. मी म्हटलं, "हं."

त्या एका हं-वर तुझं नाव गेलं, दादा. हे वाईट नाहीत. त्यांना ते खरंच वाटलं, म्हणून ते सांगत राहिले. मुकुटबनच्या बाजारात, झरीच्या बाजारात, जिथं भांडी मांडतील तिथं. मोटरसायकलीचा विषय निघाला की तुझा विषय निघायचा. तुझी काही गिऱ्हाईकं तुटली. वहिनी म्हणायची, चौकात नवं गॅरेज झालं त्यानंही फरक पडला. ती मला बरं वाटावं म्हणून तसं म्हणत असेल हे तेव्हा मनातही आलं नाही, कारण तिला माझं काही माहीत आहे असं मला वाटलंच नव्हतं. पण त्या नव्या गॅरेजच्या आड लपायचं मला आता जमत नाही.

त्या सुरुवातीच्याच दिवसांत तू एकदा घरी आलास. हे नव्हते. चहा घेतलास. मागच्या ओट्यावर तो ऑइलचा डबा होता. मी त्याचं वरचं तोंड कापून त्यात कोथिंबीर पेरली होती. एवढी मूर्ख मी, फेकलाही नव्हता. तू उठून तिकडे गेलास. मला वाटलं कोथिंबीर पाहतोस. तू डबा उचललास, फिरवलास, मागची बाजू पाहिलीस. मी हातातली बशी खाली ठेवली. तू डबा परत ठेवलास, पण मागची बाजू भिंतीकडे करून ठेवलास. नीट दाबून, भिंतीला चिकटवून. मग म्हणालास, "पानी कमी देत जा कोथिंबिरीले. सडते."

त्या दिवशी मला कळलं की तुला कळलं आहे. आणि मला काय वाटलं, सांगू? सुटल्यासारखं वाटलं. दादाला माहीत आहे, दादा रागावला नाही, म्हणजे झालं. तुझ्या माथी काय बसलं आहे ते मी पाहिलंच नाही. तो डबा दीड वर्ष तसाच भिंतीकडे तोंड करून होता. मी त्याच्या भोवतीनं झाडायची, पण हलवायची नाही.

मला तुझा रागही येतो, दादा. खोटं कशाला लिहू. एकदा माझ्यावर ओरडला असतास तर? कानाखाली मारली असतीस तर? लहानपणी पाने उलटे लावले तर किती बोलायचास.

तू जायच्या आठ दिवस आधी फोन केलास.

"जवाईबापूची गाडी कशी हाये?"

"चांगली हाये."

"ऑइल?"

"टाकलं मागच्या महिन्यात."

"बरोबरचं?"

"हो."

"बरं." मग तू फोन ठेवला नाहीस. मागून कोणी तरी ठोकत असल्याचा आवाज येत होता. "अजून काही?" तू विचारलंस.

"नाही," मी म्हटलं.

मग तुला शेडातच छातीत दुखलं आणि संपलं. अंगणात तुला ठेवलं तेव्हा मी तुझा हात धरला. कोरडा होता. मी साबणाचा तो दिवस आठवला आणि धरूनच बसले, मावशीने सोडवला तोपर्यंत.

तुझ्या जलदानविधीच्या दिवशी बुद्धविहारात भन्तेजींनी वंदना घेतली. मग विचारलं, कोणाला दोन शब्द बोलायचे आहेत का. मी ठरवून गेले होते. घरून मनात पाठही केलं होतं. दोन-तीन जण उठून बोलले. मी पदराचा कोपरा बोटाला गुंडाळत राहिले. सगळे उठले, मीही उठले, जेवणाच्या पत्रावळी वाढायला लागले. वाढायचं काम मला चांगलं जमते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे गाडी पुसत होते. मी ओट्यावरून म्हटलं, "दादाच्या प्लेटा डुप्लिकेट नव्हत्या."

"हं?"

"ऑइल स्कूटरीचं होतं. म्या आनलेलं."

त्यांनी फडकं गाडीवर ठेवलं. "तुले कवा कळलं?"

"दुकानातच."

"दुकानातच?"

"हो. मले बदलून मांगता नाही आलं."

ते मग म्हणाले, "मी त्याले चोर म्हटलं व. माणसाइसमोर. अन् त्यानं मले काही नाही सांगतलं?" ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. खाली बसले आणि गाडीच्या चाकाकडे पाहत राहिले. भांडी बांधलेली होती ती त्यांनी सोडली. "चाल," म्हणाले. "वहिनीकडं चाल."

वहिनीला मी सांगायला लागले तर तिने मला पुरं बोलू दिलं नाही.

"मले माहीत हाये."

"दादानं सांगतलं?"

"मंग काय! ज्या दिवशी तुमच्या इथून डबा पाहून आले त्याच दिवशी. मी किती खेपा म्हटलं, जा, सांगा जवायाले, आपलं नाव काहून खराब करून घेता. तं म्हनत, नाही. तिची तिलेच सांगू दे. मी सांगतलं तं ती जन्मभर टायराच्या मागंच राहीन. ती सांगन. टाइम लागते तिले." वहिनी माझ्याकडे पाहत नव्हती. तांदूळ निवडत होती. "दीड वर्ष वाट पाह्यली त्याइनं, रत्ना. फोन वाजला की म्हनत, रत्नी असन."

यांनी हात जोडले. वहिनी म्हणाली, "माह्यासमोर कायले जोडता? जिथं बोलले तिथं जा."

म्हणून आम्ही तुझ्या शेडासमोरच्या चहाच्या टपरीवर गेलो. शेडाला साखळी होती. टपरीवर सात-आठ जण होते, त्यात निंबाखालचे ते दोघंही. मी रस्त्याच्या कडेला थांबले. हे पुढे गेले.

"ऐका न गा. मी मिस्तरीबद्दल लय बोललो. डुप्लिकेट प्लेटा म्हणे मी. तसं काही नव्हतं. प्लेटा चांगल्या होत्या. मीच भलतं ऑइल टाकलं होतं. माही चूक."

एक म्हातारा म्हणाला, "आता सांगून काय फायदा, बापा? मिस्तरी ऐकाले हाये काय?"

दुसरा म्हणाला, "इतकी वर्षं गाडी चालवता अन् ऑइल नाही समजत तुमाले?" आणि हसला.

हे मान खाली घालून उभे राहिले.

दादा, मी ते गप्प उभं राहणं ओळखलं. तू असाच उभा राहिला असशील. पुन्हा एक माणूस माझ्या वाटचं घेऊन उभा होता आणि मी पुन्हा लांब उभी होते. टायर नव्हते तिथं लपायला, एवढंच.

मी रस्ता ओलांडला. माझा आवाज फाटला, पण निघाला. "त्याइनं नाही टाकलं. ऑइल म्या आनलं, म्याच टाकलं. डबा पाहून मले समजलं होतं की हे स्कूटरीचं हाये. तरी चूप राह्यली. माह्या भावाच्या प्लेटा चांगल्या होत्या."

कोणी हसलं नाही. टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक केला. निंबाखालच्या त्या माणसाने, ज्याने डुप्लिकेट म्हटलं होतं, चहाचा कप खाली ठेवला आणि तुझ्या साखळी लावलेल्या शेडाकडे पाहिलं. म्हातारा म्हणाला, "बस, पोरी. चहा घे." मी नाही घेतला.

घरी येताना हे एकच वाक्य बोलले. "मले आधी सांगतलं असतं तं मी काय खाल्लं असतं काय तुले?" ते अजून जेवताना माझ्याकडे पाहत नाहीत. पाहतील. टाइम लागतो.

यांनी कितीही बाजारात जाऊन सांगितलं तरी ज्यांनी ऐकलं त्या सगळ्यांपर्यंत आता ते पोचणार नाही. आणि ज्याच्यापर्यंत पोचायला पाहिजे होतं तो तर नाहीच. त्या म्हाताऱ्याने खरंच सांगितलं.

आज सकाळी मी मागच्या ओट्यावर गेले. डब्यातली कोथिंबीर केव्हाच संपली, नुसती माती आहे. मी डबा भिंतीपासून सोडवला. दीड वर्षाने तिथं चौकोनी ठसा उमटला आहे. मी डबा फिरवून ठेवला, मागची बाजू पुढं. आता जो ओट्यावर येईल त्याला दिसेल.

तू फोनवर विचारलं होतंस, अजून काही?

होतं, दादा.